पालीहून दिसणारे राज्यशास्त्र

पुण्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याच्या रस्त्याला लागले की साखर, वाजेघर करीत पालीला जाता येते. राजगडावर चढण्याच्या वाटांपैकी सगळ्यात सोपी वाट इथून निघते. गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाजाकडे जाणाऱ्याला हातापायांचा आधार घेत चढावे लागते. पालीकडून मात्र पायऱ्या आहेत, वाट रुंद आहे, आणि वर जो भक्कम दुहेरी दरवाजा लागतो त्याला गावाचेच नाव आहे, पाली दरवाजा. हा राजधानीचा राजमार्ग. रायगडावर राजधानी जाईपर्यंत सुमारे पाव शतक एका राज्याचा कारभार या वाटेने खाली-वर होत होता.

आता प्रश्न असा, की ज्या गावावरून राज्य येत-जात होते त्या गावाविषयी राज्यशास्त्राला काय ठाऊक आहे? याचे उत्तर, आपण कोणत्या काळातल्या राज्यशास्त्रज्ञाला विचारतो यावर अवलंबून आहे. एक जण गडावरच्या राजाकडे पाहील, दुसरा दप्तरातले कागद काढील, तिसरा गावात येऊन दारोदार प्रश्नावली भरून घेईल, चौथा पाणी कुठे जाते ते पाहील. प्रत्येकाला वेगळे गाव दिसेल. राज्यशास्त्राला 'शास्त्र' म्हणावे की नाही, हा वाद आम्ही इथे घालणार नाही. पण एखादा विषय प्रश्न विचारायला कसकसा शिकत गेला हे पाहणे हा विज्ञानाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि राज्यशास्त्राचा तो प्रवास आपल्या महाराष्ट्रात फार जवळून पाहता येतो.

सुरुवात गडावरूनच करू. राज्यकारभाराविषयी मराठीत लिहिलेला सर्वांत महत्त्वाचा जुना ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. काळ १७१५ च्या सुमाराचा. कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी ते लिहिले गेले. राजाने कसे असावे, प्रधान कसे निवडावेत, सावकारांना कसे सांभाळावे, टोपीकरांपासून सावध का राहावे, किल्ला कुठे व कसा बांधावा, आरमारासाठी झाडे तोडताना रयतेची झाडे का वाचवावीत, अशी प्रकरणे त्यात आहेत. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हा 'आदर्शवादी' दृष्टिकोन झाला, कारण राज्य कसे असावे हे तो सांगतो.

आम्हाला हे लेबल अपुरे वाटते. आज्ञापत्रातले वतनदारांवरचे प्रकरण काढून वाचावे. वतनदार म्हणजे राज्यात राहणारे छोटे छोटे राज्यकर्तेच. आहे त्यावर त्यांचे समाधान नसते, शेजाऱ्याचे घ्यावे, बळ वाढवावे, परचक्र आले की आधी त्याच्याशी संधान बांधून वतन टिकवावे, हा त्यांचा स्वभाव. म्हणून त्यांना दुखवूही नये आणि मोकळेही सोडू नये, अशा आशयाचे विवेचन तिथे आहे. यात आदर्श कमी आणि निरीक्षण जास्त आहे. अमात्यांनी मावळातल्या देशमुख-देशपांड्यांना शिवकाळापासून राजारामांच्या धामधुमीपर्यंत वागताना पाहिले होते. एका गटाचे हितसंबंध कोणते, आणि संकटात तो कसा वागेल, असा अंदाज बांधणे हे पुढच्या काळातल्या 'वर्तनवादी' अभ्यासकाचेच काम. फरक एवढाच की अमात्यांचा अभ्यास राजासाठी होता आणि त्याचा पुरावा त्यांच्या आयुष्यभराच्या आठवणीत होता. दुसऱ्या कोणाला तो तपासून पाहता येण्याजोगा नव्हता.

पुरावा गोळा करून, तुलना करून राज्याविषयी बोलावे ही कल्पना तशी फार जुनी. ॲरिस्टॉटलने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांची वर्णने जमवली होती असे सांगतात. त्यांतले अथेन्सचे तेवढे इजिप्तमधल्या पपायरसवर सापडले आणि १८९१ साली छापले गेले. शतकानुशतके हा कागद नव्हता, तरी त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र जगभर शिकवले जात होते! विज्ञान शिकवणाऱ्यांना ही गोष्ट अस्वस्थ करील.

आमच्याकडे राज्यकारभाराविषयी पद्धतशीर माहिती मागवणारे पहिले लोक कंपनी सरकारचे अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला. त्यासाठी त्याने आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवली. पाटील काय करतो, कुलकर्णी काय लिहितो, तंटे कोण सोडवते, असे प्रश्न होते. उत्तरे अर्थातच गावातल्या मातबरांकडून आली. या अहवालात गाव हे स्वतःपुरते एक छोटे राज्यच आहे अशी मांडणी आहे, आणि 'स्वयंपूर्ण खेडे' या कल्पनेला तिथून बरेच बळ मिळाले. पुढे ही कल्पना राष्ट्रीय चळवळीनेही उचलली.

ज्याला गाव आतून ठाऊक होते त्याला हे चित्र एवढे गोड दिसले नाही. महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. अलुते-बलुते, हक्क-मानपान, फिरस्ते, सावकारी, सरकारी कामगारांची गावावरची बडदास्त, सगळे त्यात आहे. आत्र्यांची काही मते आज पटणार नाहीत. पण गाडा कोण ओढतो आणि आत कोण बसते हा प्रश्न त्यांनी विचारला, तो एल्फिन्स्टनच्या प्रश्नांत नव्हता. याच सुमारास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. जमिनीचे किती तुकडे झाले आहेत, कर्ज किती, पोट कशावर भरते, हे आकड्यांत आले. मॅन काही राज्यशास्त्रज्ञ नव्हते, पण 'गाव' ही एक एकजीव वस्तू नसून त्यात वेगवेगळ्या स्थितीतली घरे आहेत, हे मोजून दाखवणे पुढच्या सगळ्यांच्या कामी आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याला राज्यघटनेचा पाया मानण्यास कडाडून विरोध केला, तेव्हा त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता: गावाविषयी आपल्याला जे माहीत आहे ते गावातल्या कोणाकडून कळलेले आहे?

दरम्यान इतिहासकारांनी दुसरी वाट तुडवली होती. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद काढा, हा या मंडळींचा आग्रह. भोर परिसराला त्यात मानाचे स्थान आहे. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद नव्या पायावर आला. कागदाचे हे सामर्थ्य.

पण कागद कोणाच्या घरी राहतो? ज्याला वतन सिद्ध करायचे असते त्याच्या. जेध्यांना शकावली ठेवण्याचे कारण होते. पालीच्या ज्या माणसांनी गडावर गवत, लाकूड, पाणी पोचवले असेल त्यांना कागद ठेवण्याचे कारण नव्हते. दप्तरात गाव आले तर ते बहुधा महसुलाच्या आकड्यात येते. (इथे एक सूचना. राजगड किल्ला पुढे पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता, आणि संस्थानाच्या सुधागड तालुक्यात बल्लाळेश्वराची पालीही होती. तेव्हा भोरच्या कागदांत 'पाली' दिसली की ती घाटावरची की घाटाखालची हे आधी पाहावे.)

कागदांवरून राज्याचा सांगाडा मात्र छान उभा करता आला. कलकत्ता विद्यापीठातले सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली निघाला. अष्टप्रधान, परगण्याचे अधिकारी, गडावरचे हवालदार-सबनीस-कारखानीस, न्यायाच्या पद्धती, कर, हे सगळे त्यात व्यवस्थित लावलेले आहे. हा संस्थात्मक दृष्टिकोन. पद कोणते, अधिकार कोणता, नियम कोणता. त्या काळात जगभरचे राज्यशास्त्र असेच होते. घटना वाचायच्या, कायदे वाचायचे, आणि त्यांची तुलना करायची.

आपल्या वर्गातले नागरिकशास्त्र अजून बव्हंशी याच मुक्कामावर आहे. ग्रामपंचायतीत किमान किती सदस्य असतात, सरपंच होण्यास वय किती लागते, ग्रामसभा वर्षातून किती वेळा, हे आपण शिकवतो आणि परीक्षेला विचारतो. ते चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. सांगाडा माहीत नसेल तर शरीर कळत नाही. पण आपल्यापैकी जे खेड्यात शिकवतात त्यांना पक्के ठाऊक असते की ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात जे घडते ते पुस्तकात नाही.

राज्यशास्त्राला सांगाड्यापलीकडे जायला लावले ते निवडणुकांनी. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि चारच वर्षांत इथली सगळी प्रौढ माणसे मतदार झाली. देशात १७ कोटींवर मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. याच निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी आपले नाव सांगितले नव्हते. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. हे मुख्यतः उत्तरेतल्या आणि मध्य भारतातल्या राज्यांत घडले. पण यादी करणे हेच किती मोठे राजकीय काम आहे, ते यावरून कळते. यादीत नाव नसलेल्या माणसाचे मत कोणत्याही संशोधन-पद्धतीला सापडत नाही.

या निवडणुकीचे काय झाले हे राज्याराज्यांतल्या अभ्यासकांकडून लिहवून घेऊन पुण्याचे प्रा. एस. व्ही. कोगेकर आणि अमेरिकन अभ्यासक रिचर्ड पार्क यांनी १९५६ साली एक ग्रंथ संपादित केला. पक्ष, उमेदवार, प्रचार, निकाल अशी त्याची मांडणी. संस्थांच्या अभ्यासातून बाहेर पडलेले हे पहिले पाऊल. मात्र मतदार अजून बोलत नव्हता. त्याच्या वतीने निकालाचे आकडे बोलत होते.

मतदाराला बोलते करण्याचे तंत्र अमेरिकेत तयार झाले. शिकागोत १९२३ च्या महापौर-निवडणुकीत मत न देणाऱ्या सुमारे सहा हजार लोकांना मेरियम आणि गॉस्नेल यांनी 'का दिले नाही?' असे विचारले. १९४० मध्ये लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका परगण्यात त्याच सहाशे लोकांना महिन्यामहिन्याने भेटून मत कसे बनते हे पाहिले. प्रचाराने मत बदलते हा समज होता. बहुतेकांचे मत घरच्यांबरोबर, शेजाऱ्यांबरोबर आधीच ठरलेले असते असे आढळले.

नमुना कसा घ्यावा हा धडा १९३६ सालीच मिळाला होता, आणि तो गणिताच्या तासाला सांगण्याजोगा आहे. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. तेवीस लाखांवर उत्तरे आली. त्यावरून लँडन जिंकणार असे जाहीर केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते मिळवले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांचे. आणि उत्तर पाठवण्याची तसदी कोणी घेतली यानेही फरक पडला. गॅलपने त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. यादृच्छिक नमुन्यातली चूक साधारणपणे नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. हजार माणसांना विचारले तर सुमारे तीन टक्के इकडेतिकडे, दहा हजारांना विचारले तर एक टक्का. लोकसंख्या एका तालुक्याची आहे की देशाची, याने जवळजवळ फरक पडत नाही. वरणात मीठ बरोबर आहे का हे चमचाभर चाखून कळते, पातेले केवढेही असो. फक्त आधी ढवळलेले हवे. डायजेस्टने न ढवळता वरचेच चाखले.

हे तंत्र महाराष्ट्रात आणले ते मुख्यतः पुणे विद्यापीठातले प्रा. व्ही. एम. सिरसीकर यांनी. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा पुण्यात केलेला त्यांचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६७ च्या निवडणुकीवरचे पुस्तक १९७३ साली आले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'मुकुट नसलेले सार्वभौम'. दरम्यान १९७० साली पंचायत राज्यातून पुढे आलेल्या ग्रामीण नेतृत्वाचा त्यांचा अभ्यास निघाला. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या, आणि त्यांच्यावर निवडून आलेली माणसे कोण, त्यांची जमीन किती, शिक्षण किती, जात कोणती, ती काय विचार करतात, हे प्रथमच विचारले गेले. नागपूरमध्ये एन. जी. एस. किणी यांनी १९६७ च्या निवडणुकीत शहरी मतदाराचा असाच अभ्यास केला. दिल्लीत रजनी कोठारींनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ पासून देशपातळीवरच्या पाहण्या केल्या.

या अभ्यासांचे आम्हाला सर्वांत मोठे मोल वाटते ते असे: निरक्षर खेडूत मेंढरासारखे मत देतो, हे शहरी सुशिक्षितांचे लाडके मत आता तपासून पाहता येऊ लागले. आणि तपासल्यावर ते टिकले नाही. मतदार विचार करतो. त्याची कारणे कदाचित आपल्या कारणांहून वेगळी असतील.

मात्र प्रश्नावलीलाही तिच्या मर्यादा आहेत, आणि मराठीत त्या विशेष ठळकपणे दिसतात. 'आपल्याला राजकारणात किती रस आहे?' हा अशा पाहण्यांतला ठरीव प्रश्न. पण 'राजकारण' या शब्दाचा मराठीत इतिहास पाहा. जुन्या पत्रांत राजकारण म्हणजे वाटाघाट, संधान, कधी कधी कटही. आजही 'आमच्या घरात राजकारण आणू नका' असे आपण म्हणतो, तेव्हा मनात लोकसभा नसते, भांडण लावणे असते. मग एखादी बाई 'मला नाही बाई राजकारणात रस' असे म्हणाली तर ती काय सांगते आहे? तीच बाई पाण्याच्या टाकीसाठी पंचायतीच्या दारात चार बायका घेऊन बसली असेल. नोंद मात्र 'रस नाही' अशी होणार. तापमापकाला उंची विचारण्यासारखे हे आहे. आकडा येतो, तो कशाचा ते कळत नाही. शिवाय मुलाखत ओसरीवर चालू असताना सासरे, दीर, शेजारी ऐकत असतात. पाहणी करणाऱ्यांनी यावर उपाय शोधले. उदाहरणार्थ, मत कोणाला दिले हे तोंडी न विचारता नकली मतपत्रिकेवर खूण करून ती छोट्या पेटीत टाकायला सांगायची.

१९६९ साली अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात डेव्हिड ईस्टन यांनी वर्तनवाद्यांनाच, ते स्वतः त्यांतलेच असताना, सुनावले की तंत्र अचूक असण्यापेक्षा प्रश्न महत्त्वाचा असणे अधिक गरजेचे आहे. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि राज्यशास्त्र मतदानाचे कोष्टक मांडत होते. आमच्याकडे हे वळण थोडे वेगळ्या रीतीने आले. काही अभ्यासक प्रश्नावली बाजूला ठेवून एकाच जागी मुक्काम ठोकून राहिले. अँथनी कार्टर यांनी फलटण तालुक्यातले पुढारी आणि त्यांच्या युती-फाटाफुटी पाहिल्या. त्यांचे पुस्तक १९७४ चे. बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या साखर कारखान्याचे राजकारण अभ्यासले. ते १९८० साली ग्रंथरूपाने आले. जयंत लेले यांनी महाराष्ट्रातल्या मराठा नेतृत्वाची मांडणी वर्गाच्या अंगाने केली. सत्ता कोणाच्या हाती, यापाठोपाठ 'कशाच्या जोरावर?' हा प्रश्न आला.

तो आपल्या परिसराला लावून पाहू. कार्टरनी पाहिलेल्या फलटणच्या बागायतीला पाणी येते नीरा उजव्या कालव्याने. डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा ऊस पिकतो. आणि हे पाणी अडवले जाते भोर तालुक्यात, भाटघरला. तिथले जुने धरण एकोणिसाव्या शतकातले, आताचे मोठे धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरे झालेले. तेव्हा तो मुलूख भोर संस्थानात होता. पाऊस पडतो मावळात, जमीन बुडते मावळात, आणि ऊस, कारखाना, पतपेढी, आमदारकी ही सगळी साखळी तयार होते खाली पठारावर. फक्त फलटणात बसून ही साखळी निम्मीच दिसते, आणि फक्त मावळात बसूनही निम्मीच. गाव हा अभ्यासाचा एकक धरला की असे होते. नदीचे खोरे हा एकक धरणारे राज्यशास्त्र आपल्याकडे अजून थोडेच आहे, ही आमची तक्रार.

शेजारच्या मुळशीत मात्र याच प्रश्नावर माणसे उभी राहिली होती. टाटांच्या वीज-धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यातून पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण झाले, गावे बुडाली. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले. गंमत पाहा, हेच व्होरा निवडणुकांचेही अभ्यासक. १९९५ मधल्या युतीच्या विजयावर सुहास पळशीकरांबरोबर त्यांनी 'महाराष्ट्रातील सत्तांतर' लिहिले. आकडेवारीवर हात बसलेला अभ्यासक पुन्हा कागदांकडे गेला. पण आता त्याचे प्रश्न राजवाड्यांचे नव्हते: शेतकरी, सावकार, पुण्यातले पुढारी आणि कंपनी यांचे हितसंबंध कुठे जुळले आणि कुठे तुटले, पुढाऱ्यांनी लढा कुठवर नेला आणि कुठे सोडला, हे त्यांनी शोधले. जुने कागद नव्या प्रश्नांना उत्तरे देतात, असा अनुभव इतिहासात नेहमीचा आहे.

१९९३ नंतर आणखी एक गोष्ट घडली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. संस्थात्मक दृष्टीने हा बदल एका ओळीत सांगून होतो. पाहणीने किती स्त्रिया निवडून आल्या, त्यांचे वय-शिक्षण काय, हे कळते. पण ग्रामसभेत सरपंचबाई बोलतात की त्यांचे यजमान बोलतात, आणि पहिल्या वर्षी न बोलणारी बाई तिसऱ्या वर्षी बोलू लागते का, हे तिथे वारंवार जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. इथे एक पद्धत दुसरीला हटवत नाही. प्रश्न बदलला की अवजार बदलते.

शेवटी आकड्यांचीच एक गोष्ट, कारण ती आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून जाते. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आपण केंद्रावर बसतो, यंत्र मोहोरबंद करतो. त्या यंत्रातली मते केंद्रवार मोजली जातात आणि नमुना २० मध्ये केंद्रवार प्रसिद्ध होतात. पूर्वी तसे नव्हते. १९७१ पासून कागदी मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळत असत, ती यासाठी की कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे विजयी किंवा पराभूत पुढाऱ्याला कळू नये. यंत्रे आल्यावर ही मिसळण थांबली. संशोधकांची चंगळ झाली. पूर्वी मतदारसंघाच्या आकड्यांवरून गावाविषयी अंदाज बांधावा लागे, आणि त्यात मोठा धोका असे. भोर विधानसभा मतदारसंघात २००८ च्या पुनर्रचनेपासून भोर, वेल्हे आणि मुळशी हे तीन तालुके आहेत. मुळशीत पुण्याला चिकटलेल्या वसाहती आहेत आणि वेल्ह्यात डोंगरकपारीतल्या वाड्या. तिन्हींच्या सरासरीवरून पालीविषयी काहीही सांगणे म्हणजे वर्गाच्या सरासरी गुणांवरून एका मुलाचे गुण सांगणे. आता केंद्रवार आकडा मिळतो.

पण संशोधकाला जे दिसते ते सर्वांनाच दिसते. डोंगराळ तालुक्यात एका केंद्रावर काहीशे मतदार, एक-दोन गावे. रस्ता मंजूर करणाऱ्यालाही कळते की या गावाने आपल्याला किती मते दिली. निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले की अनेक यंत्रांची बेरीज एकदम देणारे 'टोटलायझर' वापरावे. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. ते झालेले नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक या बाबतीत अडचणीत आहेत, कारण ज्या आकड्यांवर त्यांचे काम चालते तेच आकडे छोट्या गावाला उघडे पाडतात. आमचे मत मिसळण्याच्या बाजूने आहे. अभ्यासकाला नमुना-पाहणीने काम भागवता येते. रस्त्याची वाट पाहणाऱ्या वाडीला दुसरा उपाय नाही.

वर्गात यातले काय करता येईल? आठवी-नववीच्या मुलांना चार गटांत वाटून एकाच प्रश्नावर सोडावे, समजा गावाच्या नळपाणी योजनेवर. एका गटाने ग्रामपंचायतीतून ठराव आणि नियम मिळवावेत. दुसऱ्याने मतदारयादीतून चिठ्ठ्या काढून वीस घरे निवडावीत आणि पाणी किती वाजता, किती हंडे येते हे विचारावे. तिसऱ्याने म्हाताऱ्या माणसांकडून नळाआधी पाणी कुठून आणत, त्या विहिरीवर कोणाला येऊ देत आणि कोणाला नाही, हे ऐकून लिहावे. चौथ्याने ग्रामसभेला जाऊन कोण किती वेळा बोलले याच्या नुसत्या रेघा ओढाव्यात, स्त्रियांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. मग चारही वह्या एकत्र ठेवाव्यात. त्या जुळणार नाहीत. कुठे आणि का जुळत नाहीत यावर दोन तास सहज जातील. एक पथ्य मात्र मुलांना आधीच सांगून ठेवावे: मत कोणाला दिले, हे कोणत्याही घरी विचारायचे नाही.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय घेतला. भोर संस्थानात याच नावाचा एक तालुका होताच. नावाची मागणी कोणी, केव्हा आणि कशासाठी लावून धरली, ग्रामपंचायतींचे ठराव कसे झाले, हे अजून ताजे आहे. माणसे आठवणीने सांगू शकतील आणि ठरावांची पुस्तके पंचायतींच्या कपाटांत आहेत. तालुक्यातल्या एखाद्या शाळेने ते आताच उतरवून घ्यायला हरकत नाही.